पाणी आंदोलनातली किरकोळ केस

२ मे २०२४, सकाळ

आजपासून रोजनिशी. परदेशी जाणाऱ्या माणसानं लिहावी. पुढं कामाला येते.

न्यूझीलंड! डेअरी सायन्स, दोन वर्षं. फुलंब्रीला चुलत्याच्या म्हशी आहेत, त्यामुळं अनुभव आहेच. (धार काढलेली नाही. बघितलेली आहे.)

फॉर्म करीम भरतोय. करीम आमच्या गल्लीतलाच, समोरच्या फहमिदाचाचीचा मुलगा. उस्मानपुऱ्यात व्हिसाचं ऑफिस टाकलंय. सगळं झकास चाललं होतं. मग त्यानं सहज विचारलं, बद्री, पोलिसांत काही आहे का? तिकडं पोलिसांचा दाखला लागतो.

म्हणालो, किरकोळ आहे एक. तो म्हणे, कशातली? म्हणालो, पाणी आंदोलनातली.

करीम एकदम अदबीनं बघायला लागला. चहा मागवला.

२ मे, संध्याकाळ

खोटं बोललो असं नाही. पाणी होतं. आंदोलन पण झालं, फक्त मी एकट्यानंच केलं.

इथं लिहून टाकतो, कोण वाचणार आहे. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी पाणी. त्या दिवशी आमच्या नळाला करंगळीएवढी धार आणि शेजारच्या चतुरामावशीची मोटर घोंघावतेय. माझं डोकं सरकलं. मागच्या बोळात गेलो आणि कोयत्यानं तिचा पाइप कापला. नळाला मोटर लावणं बेकायदा आहे. (आमची पण आहे. ती त्या दिवशी जळालेली होती. म्हणजे त्या दिवशी तरी मी कायद्याच्या बाजूनं होतो.)

मावशी एकटी बाई. आठ दिवस घरात पाणी नाही. चौकातल्या बोअरवरून हंडा आणताना घसरली. तेव्हापासून लंगडते. पण तो पाय आधीपासूनच अधू असणार. वय झालंय.

तिनं पोलिसांत तक्रार दिली. मी तोपर्यंत फुलंब्रीला. म्हशी बघायला गेलो होतो. परत आल्यावर आई म्हणाली, मावशीनं ठाण्यात लिहून दिलंय बाई. कुणाच्या नावानं, ते मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तिनं खिडकीतून बघितलंच असणार. लई तीक्ष्ण नजर आहे तिची.

४ मे

निश्चय. भित्र्यासारखं राहायचं नाही. सरळ ठाण्यात जायचं, साहेब, माझी केस दाखवा, म्हणायचं.

दुपारी: ठाण्यासमोरच्या टपरीवर चहा घेतला. दारात एक हवालदार उभे होते. माझ्याकडं ओळखीच्या नजरेनं बघितलं. दुसरा चहा घेतला. परत.

६ मे

पुन्हा ठाणं. आज भजी गरम होती. तेच हवालदार. आज तर हसले. त्या हसण्यात बरंच काही होतं. परत.

८ मे

करीमनं तोडगा काढला. म्हणे, ज्यानं तक्रार दिली त्याच्याकडून आता तक्रार नाही असं लिहून आण. बात खतम. कोण आहे तो, महापालिकेचा माणूस का? मी म्हणालो, साधारण.

म्हणजे मावशीला गाठायचं. अवघड काही नाही. पाण्याचा दिवस आला की तिचं पाणी भरायचं, मन जिंकायचं, मग सहज बोलता बोलता विषय काढायचा. माणसं ओळखण्यात आपला हात कुणी धरत नाही.

११ मे

पाणी आलं. आधी मावशीचं भरलं. ती बघतच राहिली. म्हणे, आज सूर्य कुठून उगवला रं? मायनं धाडलं व्हय? म्हणालो, नाही, मनानंच आलो. म्हणे, काय काम असंल तर आत्ताच सांग. म्हणालो, काही नाही.

पाइप तोच आहे. कापलेल्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून सुतळीनं बांधलाय. तिथून अजून गळतं, टप टप. मी दुसरीकडं बघत ड्रम भरले.

जाताना तिनं कैरीचा तक्कू दिला वाटीत. घरी आणला. खाल्ला. चांगला होता, म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

उद्या विचारतो.

१२ मे

आज नको, तिला उन्हाचं बरं नव्हतं. उद्या.

१४ मे

गुलमंडीवरून नवा पाइप आणला. मावशीला म्हणालो, दुकानात स्कीम होती, एकावर एक फ्री. तिनं पाइप उलटासुलटा बघितला आणि डोळ्याला पदर लावला. म्हणे, ज्या मेल्यानं माझा पाइप कापला त्याच्या घरात असं एक लेकरू असतं तर बरं झालं असतं.

पाइप बसवला आणि आलो. तिनं मुद्दाम टोमणा मारला का? तिला सगळं माहीत आहे, मला खेळवतेय. असणारच.

१९ मे

पाणी. मावशीचं भरलं. आमचं भरेपर्यंत गेलं. आई आज माझ्याशी बोलत नाही.

एक बघितलं. मावशी आणि फहमिदाचाची एकमेकींकडं बघतसुद्धा नाहीत. आधी दोघी एकमेकींचे ड्रम भरायच्या. ईदला शिरखुर्म्याचं पहिलं पातेलं मावशीकडं, दिवाळीला अनारसे तिकडं. आता मावशी बाहेर आली की चाची दार लोटून घेते. बायकांचं काहीतरी बिनसलं असेल. आपण त्यात पडू नये.

२० मे

मावशीला स्कूटरवर घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पाय दाखवला. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच पाय टेकवायचा नव्हता, हाड वाकडं जुळलंय. मावशी म्हणाली, टेकवला नसता तर पाणी कुणी आणलं असतं? डॉक्टर अगदीच नवीन पोरगा होता. त्याला काय कळतंय!

येताना तिनं माझ्या खांद्याला धरलं होतं. सिग्नलवर एक ओळखीची बाई भेटली, तिला म्हणाली, हा माझ्या लेकावानी हाय. मी हेल्मेटची काच खाली केली.

आज विचारायचं होतं. पण अशा वेळी विचारणं माणुसकीला धरून नाही.

२४ मे

करीम चिडलाय. म्हणे, तीसच्या आत फाइल गेली नाही तर या वर्षीची सीट गेली. घरी सांगितलं की उशीर न्यूझीलंडकडून आहे. आई म्हणाली, देशच लांब आहे, वेळ लागणारच. तिकडं दगडाबाई आत्यानं फुलंब्रीत माझा सत्कार ठेवलाय. शाल आणून झाली.

सत्तावीसला पाणी. तेव्हा विचारतो. लेखी देतो: विचारतो.

२७ मे

विचारलं.

पाणी चालू होतं. मावशी पायरीवर बसून पाय चोळत होती. मी ठरवल्याप्रमाणं सुरुवात केली. म्हणालो, मावशी, मला न्यूझीलंडला जायचंय, तेवढी माझ्यावरची तक्रार मागं घ्या.

ती म्हणे, कंची तक्रार?

म्हणालो, ती पाइपाची.

ती म्हणे, ती व्हय? तिच्यात कुणाचं नावच नाय. म्या कुठं बघितलं कुणाला? सायेब म्हणले, कुणावर संशय हाय का? तोंडातून नाव काढलं नाय, पर मनात फहमिदाच व्हती. तिचीच टाकी त्या दिशी भरून वाहत व्हती. तवापासून बोलले नाय तिच्याशी. म्या पडले तवा ती धावत आली व्हती उचलायला. म्या तिचा हात झिडकारला.

मग ती थांबली. माझ्याकडं बघत राहिली. ड्रम भरून वाहायला लागला. आमच्या गल्लीत, पाण्याच्या दिवशी, पाणी नाल्यात चाललं होतं आणि नळ बंद करायला कुणी उठलं नाही.

म्हणाली, तू व्हय रं?

नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून हो गेलं.

मग ती उठली, नळ बंद केला आणि लंगडत आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ मे

सकाळी मावशी लंगडत समोर गेली. चाचीनं दार उघडलं. मी गच्चीवर होतो, टाकी तपासत. दोघींचं रडणं ऐकू आलं. बराच वेळ. मग हसणं. मग काहीच नाही. त्या काहीच नाहीची लई भीती वाटली.

दुपारी करीमचा फोन. एवढंच म्हणाला, फॉर्ममध्ये आंदोलन ठेवू का काढू?

तरी अजून आशा आहे. मावशीचा जीव आहे माझ्यावर. लेकावानी म्हणाली होती, सिग्नलवर, साक्षीदार आहेत.

२९ मे

सकाळी दोघी तयार होऊन बाहेर आल्या. मावशी इरकल नेसलेली, चाचीनं नवा बुरखा घातलेला. वाटलं, कुठं लग्नाला चालल्या.

मावशी म्हणाली, ठाण्यात जायचंय. कागदावर नावाची जागा वरीसभर रिकामी हाय, ती भरायची. म्या मनात हिच्यावर आळ घेतला, तो उतरला पाहिजे.

मी विचारलं, आणि न्यूझीलंड?

मावशी म्हणाली, ते कुठं पळून जातंय?

चाची म्हणाली, बेटा, जरा रिक्षा ला दे, इनका पाँव दुखता.

कोपऱ्यावरून रिक्षा आणली. ड्रायव्हरला ठाण्याचा पत्ता मीच सांगितला. समोर चहाची टपरी आहे, अशी खूण पण सांगितली.

चढताना मावशीचा पाय उचलेना. हात दिला. तिनं धरला, चढली, सोडला.

पाय आधी चांगला होता. मला माहीत होतं.