बाबांनी पुरलेलं माकड

१२ मार्च
ब्राझील. जहाजावरची नोकरी सोडून या कामाला लागलो त्याला तीन महिने. आज सहा पिंजरे लावले, चार माकडं. केळ्याला येतात. सोनेरी, खारीएवढी. पिंजरा पाठीवर, तंबूपर्यंत उतरायचं, डॉक्टरीण लसीची सुई मारते, दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली सोडायचं. पीतज्वर. डास चावला की पटापट मरतात. तिचा पहिला नियम, मेलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, आधी कळवायचं. भाषा अजून येत नाही. पाव मागितला की पाव मिळतो, तेवढं बरं.

१४ मार्च
घरच्या ग्रुपवर फोटो. गोव्यात, मोप्याच्या पठाराखालच्या आमच्या काजूच्या बागेत माकड मेलं. बाबांनी दोन्ही हातांवर घेतलंय, गळ्यात अबोलीचा हार. मारुतीच्या देवळामागे पुरलं, नारळ फोडला. मी पिंजरा घेऊन उभा. घाईत जोडलेले हात पाठवले.

१५ मार्च
चढावर अर्ध्यात आठवलं. पिंजरा खाली ठेवला. माकडताप! आमच्याकडे डास नाही, गोचीड. मेलेल्या माकडावरून उतरते, माणसाला धरते. इथे रोज हेच ऐकतो आणि मी हात जोडले.
फोन केला. बाबा म्हणाले, "मारुतीचा रूप ता. कुत्र्यांका घालू?" वर हसले. "तू थंय माकडांका सुयो मार. माका शिकव नको."
आईला सांगितलं, कपडे उकळ, बाबांचं अंग बघ. कानामागे एक गोचीड मिळाली. चुलीत टाकली म्हणे.

१९ मार्च
बाबांना ताप. डोकं फुटतंय. आई म्हणते, "उन्हाचो असतलो. काजी गोळा करून इले." मी ओरडलो. पेडण्याच्या दवाखान्यात ने, डॉक्टरला माकडाचं सांग, नुसता ताप सांगू नको.
"तूच हात जोडलंस मरे. तेव्हा कित्याक नाय बोललंस?"


२० मार्च
रक्त तपासायला गेलं. बाबा दवाखान्यातच.
डॉक्टरणीला विचारलं, ही सुई त्या तापावर चालेल का. नाही. ताप वेगळा. लसीची पेटी भरलेली, आणि बाबांच्या कामाची त्यात एकही नाही.
पिंजरा हातातून सुटता सुटता राहिला. ती ओरडली. बरोबर ओरडली.
संध्याकाळी बाबांशी बोललो. आवाज अगदी खोल. "तुजी माकडां बरी मा?" एवढंच.

२२ मार्च
काल पकडलेलं माकडांचं कुटुंब सोडलं. या जातीत पोरं बापाच्या पाठीवर असतात. दार उघडून मागे सरलो. आधी आई बाहेर पडली. बाप आतच, पाठीवर दोन. हाकलायचं नाही, हात घालायचा नाही, थांबायचं. थांबलो. किती वेळ कोण जाणे. मग गेला, एका उडीत.
वर चढावर रेंज येते. फोन थरथरला. आईचा आवाजातला निरोप, दोन मिनिटांचा. एवढं ती कधी बोलत नाही.
पिंजरा खाली ठेवला, वही काढली. आधी हे लिहितोय, निरोप मग ऐकेन.