दोन दारांचं बाथरूम

१४ ऑक्टोबर २०१८, रविवार

आज पुन्हा तेच! धाकटी जाऊ जयश्री आंघोळ करून गेली आणि आमच्या दाराची आतली कडी काढायला विसरली. मी बादली घेऊन दारात उभी. हाका मारल्या. ती कधीच शेतावर गेलेली. शेवटी अख्ख्या घराला वळसा घातला, त्यांच्या अंगणातून, त्यांच्या स्वयंपाकघरातून. तिथे जीवन भाकरी खात बसलेला. दिराच्या समोरून टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले! तो बिचारा भाकरीतच बघत राहिला.

आंघोळ करून निघाले तर त्यांची कडी काढायला मी विसरले. संध्याकाळी जयश्री वळसा घालून आमच्या घरातून.

हे लिहायलाही लाज वाटते. सासरे गेल्यावर भावाभावांनी घर वाटून घेतलं, मधे भिंत घातली. उगवतीचा भाग आमचा, मावळतीचा जीवनचा. पण संडास-बाथरूम एकच, मागच्या बाजूला, नेमकं भिंतीच्या रेषेवर. ते कोणाचं यावरून जे भांडण पेटलं ते तिथेच राहिलं. दोघांनी आपापल्या बाजूने एकेक दार फोडलं आणि बोलणं बंद केलं. दोन्ही दारं आत उघडतात. एकदम उघडली की एकमेकांवर आपटतात. खोली तर अशी वाकडी की एका टोकाला माणूस मावतो, दुसऱ्या टोकाला फक्त साबण. बांधताना आंब्याचं झाड वाचवायचं होतं म्हणे. झाड वादळात पडलं. बाथरूम अजून झाडाला जागा देऊन उभं आहे.

१७ ऑक्टोबर

आय, माझी सासू, घसरली. आत, नळाखाली. हाड शाबूत, पण गुडघा नारळाएवढा सुजलाय. कासा गावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजीला आता उकिडवं बसू देऊ नका. कमोड बसवा."

जीपमध्ये आय मला म्हणाली, "खुर्चीवर बसून? आन् कोणी पाव्हना आला तं उठाचं का नाय?"

सासूबाई महिनाभर आमच्याकडे, महिनाभर जीवनकडे. म्हणजे कमोड दोन्ही घरांचा. म्हणजे दोन्ही घरांनी मिळून ठरवायचं. म्हणजे झालंच!

२१ ऑक्टोबर, रविवार

शुक्रा मिस्त्री मापं घ्यायला आला. आमच्या दाराने आत शिरला, तिकडच्या दाराने बाहेर पडला, तिकडे चहा प्यायला, परत इकडे आला, इथे चहा प्यायला. मग म्हणाला, "कमोड बसतो. फक्त एक दार उघडणार नाय."

"कोणतं?"

"तुम्ही म्हणाल ते."

माझा नवरा चिमण खाटेवरूनच म्हणाला, "त्यांचं."

भिंतीपलीकडून जीवनचा आवाज, "वहिनी, दादाला सांगा, त्यांचं."

"दक्षा, त्याला सांग, मोठा मी आहे."

"वहिनी, दादाला सांगा, आय या महिन्यात माझ्याकडे आहे."

मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. दोघांनाही ती आधीच ऐकू आली होती. तरी मी सांगेपर्यंत थांबतात! शुक्राने तिसरा चहा मागितला.

४ नोव्हेंबर

चिमणने कमोड आणला. कोणाला न विचारता, तलासरीहून, दिवाळीची खरेदी म्हणून. मला साडी नाही, पणत्या नाहीत — कमोड. जीपमध्ये मांडीवर घेऊन बसला होता. ड्रायव्हर म्हणाला, "याला पुढची सीट देऊ का?"

अंगणात ठेवलाय. पांढराशुभ्र. कुत्रा भुंकतोय त्याच्यावर.

७ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. जयश्रीने कमोडजवळ एक दिवा लावून ठेवला. थट्टेने की मनापासून, कळलं नाही. मी काढला नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

भांडी वाजली. मांडणी हलली. मला वाटलं दारं आपटली. पलीकडून जयश्री ओरडली, "वहिनी, कडी काढा ना, केवढ्या जोरात ढकलता!" मी म्हटलं, "मी तर चुलीपाशी आहे!" ती म्हणाली, "मग आत कोण आहे?"

आत कोणीच नव्हतं. भुई हलली म्हणतात.

२५ नोव्हेंबर

पुन्हा. आधी आवाज येतो, खाली कुणीतरी सुरुंग लावल्यासारखा. मग घर अंग झटकतं. कौलं सरकली.

४ डिसेंबर

साहेब लोक आले. माझ्या अंगणवाडीपुढे माणसं जमवली. पोरांना आता मी वडाखालीच बसवते, "धक्का आला की काय करायचं?" म्हटलं की सगळी एका सुरात "बाहेर पळायचं!" करून पळतात आणि परत यायला मागत नाहीत. साहेब म्हणाले, बाहेर पळता आलं नाही तर टेबलाखाली जा.

आय पुढेच बसली होती. "आमचेकडं टेबल नाय."

"मग पलंगाखाली."

"पलंग नाय. खाट हाय, पन तिच्याखाली कोंबड्या."

साहेब म्हणाले, "मग घरातल्या लहान खोलीत जाऊन उभ्या राहा, आजी."

आय माझ्याकडे बघून हसली. "लहान खोलीला दोन दारां हायती. कोनत्या दाराने जाऊ? तिथं भांडान हाय."

सगळा पाडा हसला. मीपण हसले, मग घरी येऊन रडले. का ते माहीत नाही.

१६ डिसेंबर, रविवार

नवा बेत. चिमणचा. बाथरूमच्या मधोमध भिंत घालायची — अर्धं त्यांचं, अर्धं आमचं. जीवनला (माझ्यामार्फत) एकदम पटलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही असल्या गोष्टीवर.

शुक्राने खडूने रेघ मारली. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जागा बघितली. चिमण आत उभा राहून बघायला गेला, तर त्याला वळता येईना. उलटा चालत बाहेर आला.

"आन् कमोड?" मी विचारलं.

शुक्राने डोकं खाजवलं. "रेघ कमोडच्या जागेवरनं जाते. भिंतीतच बसवू ना! अर्धा इकडं, अर्धा तिकडं."

मी म्हटलं, "आणि आय?"



शुक्राने ओळंबा सोडला, भिंत सरळ येते का बघायला. दोरी स्थिर होईचना. इकडून तिकडे, इकडून तिकडे. शुक्रा म्हणतो, "माझा हात हलत नाय हां!" तेवढ्यात मांडणीवरचा पेला पडला. सगळे बाहेर. शुक्रा ओळंबा हातात धरून अंगणात उभा, आणि तो अजून हलतोय.

१८ डिसेंबर

शुक्रा म्हणतो, भुई थांबल्याशिवाय काम नाही. त्याने काम सोडलं की भुईने सोडवलं, देव जाणे.

९ जानेवारी २०१९

लिहू की नको! लिहिते.

सकाळी चिमण रात्रपाळीवरून आला. उंबरगावच्या कंपनीत सध्या रात्रीचीच ड्युटी आहे. स्वयंपाकघरात जेवायला बसला. धक्का आला, चांगलाच. मी "पळा!" म्हणते तोवर बाथरूमचं दार धाडकन उघडलं आणि जयश्री आमच्या घरात! केसांना साबण, परकर छातीपर्यंत बांधलेला, हातात बादली. बादली कशाला आणली? तिलाही माहीत नाही. आणि समोर तिचा जेठ, थोरला दीर, ताटावर!

चिमणने डोळे गच्च मिटले. उठला नाही, पळाला नाही. घर हलतंय आणि हा डोळे मिटून भात खातोय. घास नाकाला लागला.

जयश्रीला मी माझी चादर गुंडाळून अंगणात नेलं. दोघी जणी कमोडच्या दोन बाजूंना बसलो. आधी तिने केसांचा साबण पुसला. मग माझ्याकडे बघितलं. आणि मग हसू आलं ते थांबेना! पोट दुखेपर्यंत हसलो. भिंत घातल्यापासून आम्ही दोघी अशा बसलोच नव्हतो.

"तुमच्याकडची कडी मी आज विसरले नव्हते, वहिनी," ती म्हणाली. "आज आठवणीने लावली होती. मग घाईत ती कडी निघाली कशी?"

चिमण संध्याकाळी मला म्हणाला, "जीवनला सांग, मी काही बघितलं नाही."

सांगितलं. जीवन म्हणाला, "दादाला सांगा, माहीत आहे मला."

१२ जानेवारी

आता आम्ही जावांनी नियम केलाय. एक आत गेली की दुसरीने बाहेर उभं राहायचं आणि दोन्ही दारं उघडी, पडदे लावलेले. आतली बोलत राहायची. गप्प झाली की बाहेरचीने हाक मारायची. मी आज आत बसून तिला अख्ख्या आठवड्याच्या भाज्या सांगितल्या. तिने मला तिच्या माहेरचं सगळं सांगितलं. संडासला जायचं म्हणजे आता जिवावरची गोष्ट आहे, पण करमतं!

१ फेब्रुवारी

आज दिवसभर. मोजायचं सोडून दिलं. घरात कुणी पाऊल टाकत नाही. मधल्या भिंतीला वरून खालपर्यंत चीर गेलीय, हात जातो.

६ फेब्रुवारी

तंबू मिळाला. दोन घरांत एक! वाटप करणारा म्हणाला, "एक नंबर, एक घर, एक तंबू." चिमण म्हणाला, घरं दोन आहेत. तो म्हणाला, "दाखवा बाथरूम किती." दोघा भावांनी तंबू उचलला.

तंबूत आय मधे झोपते. एका बाजूला आम्ही, एका बाजूला ते. भिंतीपेक्षा आय बरी, घोरते तरी.

१० फेब्रुवारी, रविवार

आय आता दिवसभर कमोडवरच बसते. अंगणात, झाकण लावून, वर गोधडीची घडी. गुडघ्याला आराम पडतो म्हणते. तिथे बसून तूर निवडते, तिथूनच येणाऱ्या-जाणाऱ्याला हुकूम सोडते. पाड्यातली माणसं तिच्यापुढे जमिनीवर बसून गाऱ्हाणी सांगतात. सरपंचाला एवढा मान नाही.

आज पेपरवाला आला. घराच्या भेगांचे फोटो काढायला. काढले आयचे. "आजी, जरा हसा." आय म्हणाली, "याच्यावर बसून हसाचं?"

१७ फेब्रुवारी

जयश्रीनेच शेवटी तोड काढली. मी नाही, चिमण नाही, शुक्रा तर नाहीच. आमची दोन्ही दारं बुजवायची आणि एक नवं दार मागे परसात काढायचं, बाहेर उघडणारं. दोन्ही घरांनी बाहेरून जायचं. कमोड बसतो, आयला धरायला दांडी बसते, धक्का आला तर थेट परसात!

इतकं सोपं! एवढी वर्षं कुणाला सुचलं नाही, कारण एवढी वर्षं आम्ही सगळे आपापल्या दाराकडेच बघत होतो.

आयने कमोडवरून निकाल दिला, "जयश्री सांगते ता करा." दोघांनी मान हलवली. एकमेकांकडे न बघता, पण हलवली.

२४ फेब्रुवारी, रविवार

दार झालं. बाहेर उघडतं! सगळ्यांनी एकेकदा उघडून-मिटून बघितलं. भुई जरा शांत आहे.

आता पाइप. कमोडचा पाइप नव्या शोषखड्ड्याकडे न्यायचा. जीवन म्हणतो उगवतीकडून उतार आहे, म्हणजे आमच्या अंगणातून. चिमण म्हणतो मावळतीकडून. शुक्रा म्हणतो पाणी दोन्हीकडे जातं, चहा आहे का?

२८ फेब्रुवारी

पाइपावरून तंबूत दिवसभर माझ्यामार्फत भांडण. "त्याला सांग" — "दादाला सांगा" — मध्ये आय! मी आज दोघांना सांगितलं की मी आता कुणाचं काही सांगणार नाही. जे असेल ते तोंडाने बोला. दोघंही असे बघत राहिले की जणू मी त्यांना गुजरातीत बोलले. गुजराती तर येतं त्यांना. हे येत नाही.

जीवन म्हणाला, "उद्या मी खणायला घेतो," पण कोणाकडे बघून म्हणाला ते कळलं नाही.

चिमण रुसलाय. तंबूत उकडतं, दिवसा झोप लागत नाही म्हणून खाट पुन्हा घरात नेली, मधल्या भिंतीला लावून, तिथे गार असतं म्हणे. मी हातापाया पडले. "आता भुई थांबलीय," म्हणाला. गावभरच्या पोरांना मी बाहेर पळायला शिकवते आणि माझा नवरा चीर गेलेल्या भिंतीखाली पाय पसरून! उद्या पुन्हा सांगेन.

१ मार्च

सकाळी अकराच्या सुमारास, आजवरचा सगळ्यात मोठा. मधली भिंत पडली — अख्खी, आमच्या बाजूला, खाटेवर. खाटेचे तुकडे झाले.

खाट रिकामी होती. चिमण ड्युटीवरून येऊन नुकता आडवा झाला होता, तेवढ्यात जीवनने आमच्या अंगणात पहार मारली. आवाज ऐकून हा लुंगी सावरत बाहेर धावला. "ए जीवन! कुणाला विचारून खणतोस रे?" तोंडाने. सरळ त्याला.

धूळ बसली तेव्हा दोघं मातीत बसलेले दिसले. जीवनने दादाचं मनगट धरलं होतं, सोडत नव्हता.

चिमण म्हणाला, "खण रे. कुठूनही खण."