गाण्यात रेश्माचं नाव कुठाय?

गुरुवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळ.

गाणी सगळी आमच्या रेश्माने लिहिली आणि एकात पण हिचं नाव नाही! ह्याला अल्बम म्हणायचा? ऋषी, तिच्या बॅण्डमध्ये गातो तो, आज घरी येऊन फोनवर ऐकवत होता. गिटारचा नुसता गोंगाट, ड्रम तर डोक्यात वाजतो. पण शब्द माझ्या रेश्माचे. त्यात आमची घोडपदेवची चाळ आहे, तिचे गेलेले पप्पा आहेत. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं का बोलू. प्रत्येक गाण्याला शेवटपर्यंत कान लावून बसले, आता नाव येईल, आता येईल. कुठलं काय!

माझे आबा भीमगीतं लिहायचे. शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव यायचंच. गाणारा कुणी असो, लिहिणारा लोकांना कळायचा.

रेश्मा हसली. "आई, रॉकमध्ये असं नसतं गं."

"मग तुमचं रॉक अर्धवट आहे. उद्या हा मोठा होईल आणि लोक म्हणतील, ह्यानेच लिहिलं."

मला वाटलं ऋषी चिडेल. तर म्हणतो कसा, "काकू बरोबर बोलतायत. एक गाणं रेकॉर्ड व्हायचंय अजून. त्यात घालू की. मी गातो तुझं नाव."

रेश्मा हो म्हणाली नाही. पण नाही म्हणाली नाही. मनात आहे तिच्या, मला कळत नाही काय? घाबरते नुसती.

मी तिला सांगून टाकलंय. रविवारी रेकॉर्डिंग आहे ना? मग शनिवारी संध्याकाळपर्यंत मला सांग, नाव घालतेस की नाही?