खत न घातलेला तुकडा

प्रिय एवन,

तुझं पत्र मिळालं. बाबाची राख विद्यापीठाच्या जंगलात, त्याच्या लाडक्या निलगिरीखाली टाकायची म्हणतोस. विचार चांगला आहे, पण जमणार नाही. ते झाड नेमकं खत न घातलेल्या तुकड्यात येतं. बाकीच्या तुकड्यांत खत घालतात, झाडं विरळ करतात. तिथे मात्र कशालाच हात लावायचा नाही, म्हणजे तुलना करता येते. आणि राख म्हणजे खतच की रे! त्याचंच इतक्या वर्षांचं मोजमाप मूठभर बाबामुळे पाण्यात जायचं.

लहानपणी तिथे तुला जोराची लागली होती, आठवतं? बाबाने तुला काखोटीला मारलं आणि 'धर रे धर, खत आहे ते!' असं ओरडत कुंपणाबाहेर धूम ठोकली. पोचेपर्यंत त्याचाच शर्ट भिजला. घरी येऊन काय ऐटीत म्हणाला, 'झाडं वाचली!' शर्ट मी धुतला. लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा स्वारी खोडांचा घेर मोजायला गेली होती. 'झाडं थांबत नाहीत गं, वाढतातच,' म्हणे. मी कोकराचं मटण भाजून ठेवलं होतं. ते एकटीने खाल्लं.

इकडे होबार्टला थंडी कडक आहे, डोंगर पांढरा झालाय. माझा गुडघा बरा आहे. जंगलाची नवी प्रमुख बर्निस मंगळवारी केक घेऊन आली होती. केक जरा कोरडाच होता.

तर ही बर्निस चहा पीत म्हणाली, 'अगं आयलीन, त्या तुकड्यातला अभ्यास उन्हाळ्यातच संपला. खुशाल टाका राख, आम्हीही येऊ सगळे.' म्हणजे वर लिहिलेली अडचण आता उरलेली नाही. तरीही माझं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते तुला समोरासमोर सांगणं मला जमलं नसतं, म्हणून लिहितेय. संसार माझ्याशी आणि मुक्काम तिकडे, असा उभा जन्म गेला त्याचा. तू जन्मलास त्या सकाळीही तो तिकडेच होता. आता कुठे तो घरी आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीत, माझ्या किटलीशेजारी. मला त्याची फार आठवण येते रे, आणि मी त्याला त्या झाडांना परत देणार नाही. तू ये, त्याच्याशेजारी बसून जेव. जाताना मात्र त्याला मागू नकोस.

तुझीच,
आई