कमानीच्या अलीकडे

हवासा, २ मार्च

चि. हांकिसो यास, अनेक आशीर्वाद.

सरकारने आपल्या फिचेला अखेर सुट्टी मंजूर केली. आपलं नवं वर्ष आता शाळा-कचेऱ्यांनाही पाळावं लागेल. यासाठी आमच्या समितीने वर्षानुवर्षं जोडे झिजवले, हे बाबांना सांग. दिनदर्शिका छापायला जायची आहे, तेव्हा त्यांच्याकडून तारीख घेऊन लगेच कळव. ‘बघू’ हे उत्तर चालणार नाही.

आईला जप. लोभ आहेच.
दांगुरे

बेन्सा, ९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सुट्टीचं ऐकून बाबा हसले. तारखेचं ऐकून त्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं. चांदणी चंद्राला ओलांडून गेलेली पाहिल्याशिवाय ते दिवस सांगत नाहीत, हे का तुला ठाऊक नाही? त्यांच्या मांडीवर बसून तूच आभाळ बघायचीस. तुझा छापखानेवाला नक्षत्रंही छापतो का, असं विचारायला सांगितलंय. थोडक्यात, बघू.

राग नसावा.
हांकिसो

हवासा, १९ जून

चि. हांकिसो यास, आशीर्वाद.

कुणीतरी तारीख द्यायला हवी होती. मी गेल्या वर्षीचीच दिली. त्या दिवशी पाहुणे घेऊन गावात आले, तर बाबांनी सगळ्यांदेखत मला दिवस विकणारी म्हटलं. आता खऱ्या फिचेला ये म्हणतोस. एकदा सुट्टी झाली, दुसरी कोण देणार? शिवाय बाबांनी आधी शब्द मागे घ्यावा.

दांगुरे

बेन्सा, ८ जुलै

ती. ताईस, सा. न.

परवा फिचे झाली. मनात वैर ठेवून हुलुकाच्या हिरव्या फांद्यांच्या कमानीखालून नव्या वर्षात जायचं नाही, हे तू जाणतेस. सगळा गाव गेला, मागून गुरंही गेली. बाबा अलीकडेच बसले. दांगुरेची गाडी वाटेत बिघडली असेल, म्हातारबा, तुम्ही व्हा पुढे, अशी लोकांनी थट्टा केली. बाबा म्हणाले, पोरीला तोडून बोललो, ती आली की आधी मीच बोलेन. सगळ्यांनी मिळून खायच्या बुरिसामेच्या सणाच्या थाळीत त्यांनी तुझ्या बाजूचं लोणीही कुणाला शिवू दिलं नाही. पाऊस लागला तरी उठेनात.

काल पहाटे ते गेले. हे पत्र बसच्या ड्रायव्हरजवळ देतोय. कमान मी काढू दिलेली नाही. ये.

हांकिसो

हवासा, ३० ऑगस्ट

चि. हांकिसो यास, आशीर्वाद.

तेव्हा मी पोहोचेपर्यंत माती लोटून झाली होती. कमानीखालून मी का गेले नाही, असं आईने विचारलं. वैर मिटवायचं ते कुणाशी?

काल कचेरीने पुढच्या वर्षाची तारीख मागितली. मी ‘बघू’ म्हणाले. साहेब हसले आणि त्यांनी जुनीच तारीख छापायला दिली. घरी येऊन गच्चीवर गेले. आभाळ स्वच्छ होतं. बाबांची चांदणी मला त्यात ओळखता आली नाही. तुला येते का?

येत असेल तर दिवस कळव. मी बिनपगारी रजा घेऊन येईन. तोवर माझं जुनंच वर्ष चालू आहे. लोभ असू दे.

दांगुरे