आप्पांचं सपाट शिसं

प्रिय आप्पा,

नदीवरून आत्ताच आले. पायाचा चिखल धुतलेला नाही, आई आतून ओरडतेय, आणि मी वही घेऊन जोत्यावर बसलेय. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली, एवढ्या दिवसांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण आज मला तुमच्याशी भांडायचंय!

पण आधी चांगलं बोलते. न्हायतर म्हणाल, पोरगी आल्या आल्या तोंड सोडतीया.

आठवतंय, भाताची कापणी उरकली की एक रविवार गळाच्या दोरीला वजन म्हणून बांधायची शिसं ओतायचा असायचा? टायरवाल्याकडून चाकांची जुनी शिसं मागून आणायचात, अंगणात तीन दगड मांडून कढई चढवायचात आणि मला वारा येतो त्या अंगाला बसवायचात. "धूर नाकात जाईल. हललीस तर बघ!" मी कशाला हलतेय? वरची काळी साय पळीनं सारली की खालचं शिसं असं लखलखायचं, की दिवसभर बघत बसले असते.

आणि तुमचा तो साचा! खानापुरी कौलाचे दोन तुकडे. एकात अर्ध्या लिंबाएवढी पोकळी कोरलेली, दुसरा नुसता घासून सपाट केलेला. मधे तांब्याच्या तारेची कडी ठेवून दोन्ही आवळायचे आणि ओतायच्या आधी चुलीजवळ चांगले शेकायचे. "ओल राहिली तर शिसं डोळ्यात उडतंय गं." तुमचं शिसं एका अंगानं फुगीर, एका अंगानं सपाट. बेळगुंदीत मार्कंडेय नदीवर गळ टाकणारा जो तो तेच मागायला यायचा.

मग मी बेळगावात कारखान्यात लागले, तपासणी खात्यात. पहिल्याच महिन्यात व्हर्नियर घेऊन घरी आले तेव्हा तुम्ही नवं शिसं माझ्या हातावर ठेवलंत. "बघ, तुझ्या मापात बसतंय काय." मी मापलं आणि खो खो हसले. "आप्पा, अर्धंच केलंय की! दुसरं कौल कोरायचा कंटाळा केलासा व्हय? रिजेक्ट!"

आई हसली. तुम्हीही हसलात, जरा उशिरा.

पुढच्या वर्षी तुम्ही दुसरं कौलही कोरलंत आणि एक गोल गरगरीत शिसं दाखवलंत. "आता?" मी मापून ऐटीत म्हटलं, "पास!" आपल्या बापाला आपण सुधारलं, असं वाटलं मला त्या दिवशी. केवढी ती मिजास!

आता आजचं सांगते. दिवाळी झाल्यावर यल्लाप्पाकाका आलते. तुम्ही गेल्यापासून ते नदीवर एकटेच बसतात. खिशातून तुमचं सपाट शिसं काढून म्हणाले, "अश्विनी, आप्पाचं हे शेवटचं. हे अडकून तुटलं की मी गळ ठेवून देणार बघ. दुसरं कुठलं चालत न्हाय मला. तुझ्याकडं ती मशीन हाय न्हवं? करून दे की." बोलताना बघत होते जमिनीकडं. गळ सुटला तर हा माणूस घरात बसून खंगेल, हे मला कळत होतं.

मशीन म्हणजे माझं छोटं सीएनसी. पार्ट मागवून गेल्या वर्षी पडवीत जोडलं. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, ते ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये तस्साच कोरतं. आई म्हणते, ह्याच्या किरकिरीनं म्हस पान्हवत न्हाय. तुम्ही असता तर समोर पाट टाकून बसला असता, जेवायला उठला नसता.

काकांचं शिसं मी मापलं, कॉम्प्युटरवर काढलं. आणि काय केलं माहितेय? तुमचं 'अर्धं राहिलेलं' काम पूर्ण केलं! दोन्ही प्लेटींत सारखीच पोकळी. तीन रविवार गेले, दोन कटर मोडले. प्लेटी तुमच्यासारख्याच शेकल्या, शिसं ओतलं, उघडलं, तर गोल, गुळगुळीत, बोटाला जोडाची रेघ लागायची नाही. तुम्ही बघायला नाही म्हणून रडले मी, खरंच.

ते घेऊन आज काकांबरोबर नदीवर गेले. पाण्याला अजून ओढ आहे. काकांनी गळ टाकला. शिसं तळाला टेकलं आणि निघालं की गडगडत! दोरी सरकत सरकत पार खालच्या लव्हाळ्यात जाऊन अडकली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा काका दोरी गुंडाळता गुंडाळता हसायला लागले.

"आगं, हे तर आप्पा तुला दाखवायला करायचा तसलं झालं!"

"दाखवायला?"

"व्हय. गोल शिसं पाण्यात थांबत न्हाय, लोळतंय. सपाट असलं की त्या अंगावर बसून ऱ्हातंय. गोल केलेली तुला दाखवायचा आणि हितं आणायचा सपाटच. मी म्हटलं, सांग की पोरीला. तर म्हणाला, नवी नोकरी हाय तिची, आत्ता कुठं चार माणसांत बोलायला धीर आलाय. ऱ्हाऊदे."

का हो आप्पा? एवढी नाजूक होते का मी? मी पास केलेली घरात ठेवायची आणि नापास केलेली घेऊन गुपचूप नदीवर जायचं, हे कुठलं वागणं? एकदा कान धरून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मला रागही आलाय आणि तुमची लई आठवणही येतेय. दोन्ही एकदमच, काय करू?

खरं सांगू? तुम्ही सांगायची गरजच नव्हती. एका रविवारी जरी तुमच्याबरोबर आले असते, तरी माझं मलाच दिसलं असतं. तुम्ही दर रविवारी सायकल काढताना विचारायचात, "येतीस काय गं?" आणि मी पांघरुणातूनच म्हणायचे, "सुट्टी एकच असते आप्पा." मग मी विचारूच नका म्हटलं, आणि तुम्ही विचारायचं बंद केलंत.

दुसरी प्लेट आता नवी घेणार. तिला कटर लावणार नाही, सपाटच ठेवणार. पुढच्या रविवारपर्यंत काकांना डझनभर शिसं करून देते. आणि ती नुसती हातात ठेवून घरी येणार नाही. तुम्ही बसायचात तिथं, काकांच्या शेजारी, मीही गळ टाकून बसेन. एक रविवार नाही, दर रविवारी. कुणी मला विचारायला यायच्या आत मी तयार असेन, हा माझा शब्द.

तुमची,
अश्विनी