वाटूरच्या दोघी आणि समुद्राची शर्यत

प्रिय शिवकन्या,

टँकरच्या रांगेत वाढलेल्या आपल्यासारख्या बायकांना सगळ्यांनी एकच ऐकवलं, समुद्र तुमचा नाही. किनाऱ्यावरच्यांनी ऐकवलं, आपल्या वाटूरनेही. गिरिजाकाकू भर रस्त्यात ओरडल्या होत्या, ‘हिरीत पोहायला पाणी न्हाई, अन् ह्या समिंदरात चालल्या!’ मला ते तेव्हा मान्य नव्हतं, आज तर बिलकुल नाही. बातमी अशी, की आपण एकदा उतरलो होतो ती, मग बंद पडलेली अलिबाग-मालवण शर्यत यंदा पुन्हा होतेय. तशाच शिडाच्या कॅटामरान, दोन निमुळत्या होड्या जोडलेल्या, आणि एकीवर दोघं.

कॉलेजात आपण नौदलाच्या एनसीसीत शिरलो ते नाश्त्यासाठी, हे आपल्यातच राहू दे. पण जायकवाडीच्या पाण्यावर तू सुकाणू धरलंस आणि मला कळलं, हिला वारा दिसतो. खळ्यात उफणताना सूप उचलून, मान जराशी वळवून तू वाऱ्याची वाट बघायचीस, होडीतही तशीच बसलीस. मी शिडाची दोरी ओढायचे आणि अखंड बोलायचे. तू म्हणायचीस, ‘दैवशाले, भाषण बंद कर, दोरी धर.’ मला गप्प करणारी तेवढी तूच.

त्या शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात आपण सर्वांत पुढे होतो. देवगड मागे पडलं, ऊन पेटलेलं, आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन आपण उघडलेच नाहीत. ‘राहू दे, लागंल पुढं,’ तू म्हणालीस, मीही तेच म्हणाले. आपल्याकडे पाणी असंच जपतात, त्यात विचार करावा लागत नाही. मग तू सुकाणूवरच कोसळलीस आणि बचावाच्या लाँचने आपल्याला ओढून नेलं. भरलेले कॅन उतरवताना कुणीतरी हसलं, ‘पाणी सांभाळूक इलात काय गो?’ पाण्याच्या प्रश्नावर बोलताना मी आजवर प्रत्येक व्यासपीठावरून त्या हसण्याला उत्तर देत आलेय. ज्यांना घोट मोजून वाढवलं, त्यांच्या सवयीला हसू नका, तो टँकर कुणामुळे येतो ते विचारा! तू मात्र जाफराबादच्या शाळेत रुजू झालीस आणि पुन्हा पाण्याकडे फिरकली नाहीस.

आपल्या वेल्डर कल्याणने अंकुशनगरात, साखर कारखान्याजवळ, आपली जुनी होडी दुरुस्त केलीय. उसाच्या ट्रॉलीवर लादून नेताना लोक विचारत होते, हे कोणतं नवीन औत निघालं? आयोजक मला मालवणचा सुकाणूवाला देत होते. मी नको म्हटलं.

आता खरं सांगते. गावात सर्जेरावच्या लग्नात कुणीतरी तुला विचारलं, शर्यतीत होती ती तूच ना? तू म्हणालीस, ‘मी न्हाई, दुसरी कुणी आसंल.’ मी तुझ्या मागेच पंगतीत वाढत होते. शिवकन्या, लोक हसले ते मी पचवलं. तू स्वतःला पुसून टाकलंस, ते मला पचत नाही. हे पत्र त्यासाठी. शर्यत जिंकू न जिंकू, पण मी दुसऱ्या कुणाबरोबर उतरणार नाही. सुकाणू धरणाऱ्याने शुक्रवारपर्यंत आयोजकांना स्वतः फोन करायचा, असा नियम आहे. नंबर खाली लिहिलाय. फोन लाव, आणि तुझं पूर्ण नाव मोठ्याने सांग.

तुझीच,
दैवशाला